पन्नासचा पुकारा

आबा,

आज शाळेत मुलींची वजनं घेतली आणि दिवसभर तुम्ही डोळ्यांसमोर होतात. इथे नाशिकला माझ्या वर्गात अंबडच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या मुली आहेत. आपल्या घरातली पहिली पदवी घेऊन इथे आले तेव्हा बरेच संकल्प केले होते. मुलींशी कधी खोटं बोलायचं नाही, हा त्यातला पहिला.

मी अकरा वर्षांची होते. नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी गूळ आणि तळण बंद केलं, रोज तासभर चालायला सांगितलं आणि दर आठवड्याचं वजन वहीत लिहायला लावलं. नामपुरात माणसांचा काटा कुठून आणायचा? तुम्ही कांदा बाजारात मापारी. सोमवारी लिलावाआधी मला मोठ्या तराजूच्या पारड्यात बसवायचात. भोवती हमाल जमायचे. "मापारी, हाई गोणी कोनी शे?" एकाने विचारलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मन्ही शे. इकानी नही." विकायची नाही म्हणताच सगळे हसले. मी खाली कांद्याची सालं बघत बसले.

तुम्ही वजन पुकारलं की शेतकरी आणि व्यापारी दोघंही काट्याकडे पाहत नसत, इतका तुमचा शब्द खरा. मावशीच्या लग्नाहून परतलो तो सोमवार मला आठवतो. चार दिवस मी लाडू खाल्ले होते, चालले मुळीच नव्हते. तुम्ही मापं चढवली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुकारलंत, "पन्नास." आबा, मी बाजारातच वाढलेली पोर. समोरच्या पारड्यात दोन विसाची, एक दहाचं आणि त्याच्याआड एक दोनाचं माप होतं. त्याच संध्याकाळी मी एकटी मोसम नदीच्या पुलापर्यंत चालत गेले. दुसऱ्या दिवशीही गेले. तीन आठवड्यांनी ते पन्नास खरं झालं. मला कळलं होतं, हे तुम्हाला कळलं होतं का?

वर्षभरात वजन ताळ्यावर आलं आणि पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. मग कितीतरी वर्षं मी चाललेच नाही. थोडं वजन परत आलं. कॉलेजात असताना एका सकाळी अशीच निघाले, आणि तेव्हापासून चालते आहे. आता काट्यासाठी नाही. चालले नाही तर दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. आई अजून विचारते, "कुठं निघाली गं एवढ्या सकाळी?"

आज रांगेच्या शेवटी एक जाड मुलगी उभी होती. तिची पाळी आली तशी ती भिंतीला चिकटली. "बाई, मला नका ना मोजू." दुसऱ्या बाई लिहून घेत होत्या आणि आकडा मोठ्याने सांगायचं काम माझं होतं. मी चपला काढल्या, स्वतः काट्यावर उभी राहिले आणि माझं वजन पुकारलं. मुली हसल्या. तीही हसली. मग ती चढली. तिचा आकडा मी फक्त तिच्या कानात सांगितला, आणि अगदी खरा सांगितला.

माझा मात्र दोन किलो कमी सांगितला.

तुमची ती वजनांची वही माझ्याकडे आहे. हे पत्र तिच्यातच ठेवते. उद्यापासून शाळेत लांबच्या रस्त्याने जाईन.