यंत्राला घातलेलं कव्हर

ती. दादांस सा. न.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं असेलच. मी बरा आहे. तुमची बहीण गेल्याला पाच महिने झाले. जेवतो, झोपतो, नातीला शाळेत सोडतो.

पत्राचं कारण म्हणजे मला बसलेला धक्का. आमच्या रस्त्यावरचे ट्रक बंद करायचे की नाही हे ठरवण्यासाठी महापालिकेनं आमच्याच गॅलरीत हवा मोजायचं यंत्र बसवलं, हे तुम्हाला ठाऊक आहे (त्या समितीत तुम्हीच आहात). परवा निकाल आला. आमची हवा म्हणे शहरात सर्वांत स्वच्छ! म्हणून ट्रक बंद तर नाहीतच, उलट बाजाराकडचेही आमच्याच रस्त्यानं वळवणार. मी बसलो तो बसलोच. खाली ट्रकांची रांग, खिशात तोंड पुसून काळा झालेला रुमाल, आत नात खोकतेय, अगदी तिच्या आजीसारखी.

मी कधी कुणाशी भांडत नाही. (संसाराच्या बत्तीस वर्षांत एकदाच आवाज चढवला, दूधवाल्यावर, आणि चूक माझीच निघाली.) तरी तडक त्यांच्या ऑफिसात गेलो. यंत्र बसवणारा तंत्रज्ञ म्हणाला, "काका, यंत्र खोटं बोलत नाही."

मी म्हणालो, "अहो, पोटच्या पोरासारखं जपलंय त्याला. तीन महिन्यांत धुळीचा कण लागू दिला नाही!"

त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, "लागू दिला नाही म्हणजे?"

म्हणजे काय, कव्हर! आपला खोकला घरातल्या धुळीचा आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून तुमच्या बहिणीनं मिक्सर, रेडिओ, फोन, सगळ्यांना कव्हरं शिवली (शिलाई मशीनलासुद्धा, त्याच मशीनवर). जाण्याआधी तिनं शिवलेलं शेवटचं, जाड अस्तराचं, या यंत्राला अगदी मापात बसलं. सोमवारी चढवायचो, रविवारी ट्रक नसले की काढायचो. तंत्रज्ञानं कपाळाला हात लावला. "काका, माझी नोकरी घालवलीत!" (आकडे आपोआप ऑफिसात येतात, म्हणून तो एकदाही बघायला फिरकला नव्हता.) मी जिना कसा उतरलो ते आठवत नाही.

वहिनींना नमस्कार.

आपला नम्र

ता. क. काल कव्हर काढलं. आज ऑफिसातून फोन आला की आकडा भलताच चढलाय, यंत्र बिघडलं असणार, शुक्रवारी काढून नेतो. (नोकरीच्या भीतीनं तंत्रज्ञानं कव्हराचं तिथं सांगितलेलं दिसत नाही.) दादा, नेऊ देऊ नका. चूक माझी म्हणून सांगा, त्या तंत्रज्ञाचं नाव नको.

आणखी ता. क. कव्हर धुवायला घेतलं तर पाणी शाईसारखं निघालं. घरातली बाकीची कव्हरं ती दर महिन्याला धुवायची, पण असं पाणी कधीच निघालं नाही. ती बिचारी उगाचच शिवत बसली. ते पाणी मी बाटलीत भरून ठेवलंय. समितीच्या गुरुवारच्या बैठकीला न्याल का? झाकण घट्ट आहे. वरून मी काही घातलेलं नाही.