माय कोंढ्याला गेली आहे

माय, तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे. शास्त्राप्रमाणे गेलेल्या माणसाला वर्षातून एकदा पाणी दिलं की पुरतं. तुला मात्र रोज सकाळी दोन चमचे साखरेचा चहा लागतो, आणि तू जाऊन बारा वर्षं झाल्यामुळे तो मला प्यावा लागतो. आधी माझा, मग तुझा. मला साखर बंद आहे, हे तुझ्या सुनेला सांगून उपयोग नाही. ती विसरते.

गेल्या वर्षी तिला ताप आला. तिसऱ्या दिवशी ती मलाच "तुम्ही कोन?" विचारू लागली, तेव्हा लाखनीहून थेट नागपूर गाठलं. विषाणू मेंदूत गेला होता. ती वाचली. चालते, स्वयंपाक करते. मागची बारा-पंधरा वर्षं तेवढी पुसली गेली आणि नवं काही टिकत नाही. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं: विषाणू शिरलेली पेशी कधी कधी आपणहून मरते, म्हणजे तो तिच्यात वाढून पुढे पसरू नये. मग सूज येते, आणि त्या सुजेत शेजारच्या चांगल्या पेशीही जातात. मी मान डोलावत होतो आणि मला आसगावची आपली धानाची बांधी दिसत होती. रोगानं करपलेल्या धानाभोवतीची हिरवी रोपंही तू उपटत चालली आहेस, आणि दहा वर्षांचा मी धुऱ्याच्या बांधावरून ओरडतो आहे, "माय, हे त चांगले आहेत!" तू वर न बघता म्हणतेस, "तुले दिसतेत चांगले. चुपचाप उपट, पंडित." पुढच्या वर्षी तिथं पुन्हा धान उभा राहिला. मी बाईंना विचारलं, इथंही पुन्हा उगवेल ना? त्या म्हणाल्या, "मेंदूत तसं होत नाही, सर."

घरी आल्यावर पहिल्याच सकाळी तिनं विचारलं, "अहो, आई कुठी गेल्या? चहा थंडा होऊन राहिला." मी खरं सांगितलं. ती ओट्यापाशी खाली बसली आणि रडली. "मले कोनी काहून नाही सांगतलं?" तुझ्या तोंडात शेवटचं पाणी तिनंच घातलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं, ती पुन्हा तेवढीच रडली. सत्याचा पक्ष मी तीन दिवस लढवला. चौथ्या दिवशी म्हटलं, "कोंढ्याला गेली, मावशीकडे."

"मले न सांगता? येऊ द्या त्यायले!" म्हणाली आणि हसली. तेव्हापासून तू रोज कोंढ्याला जातेस. मिठावरून तुमचा दोन-दोन दिवस अबोला चालायचा, तो तिच्या लक्षात आहे की नाही, हे विचारायची माझी हिंमत नाही.

हे पत्र घरात ठेवलं आणि तिच्या हाती लागलं तर तू गेल्याचं तिला पुन्हा कळेल, म्हणून फाडून टाकणार आहे. त्याआधी एकच गोष्ट. त्या तीन दिवसांत ती रडत होती तेव्हा मी घड्याळ बघत होतो. शाळेची वेळ झाली होती, आठवीला संस्कृतचा पहिला तास होता. मला काही वाटलं नाही, माय. आताही ती विचारते आणि मी हजेरी दिल्यासारखं उत्तर देतो. ताप तिला आला होता, मला नाही. मग मला हे काय झालं आहे, याची भीती वाटते.