पुस्तकात नसलेले जोडे

अण्णा,

किल्ल्याच्या वेढ्याची ती कादंबरी गेल्या आठवड्यात वाचून संपली. तुम्ही जिथे थांबला होतात, तिथून पुढची सगळी पानं मी आत्याला वाचून दाखवली. हे तुम्हाला कळवावं असं वाटलं, म्हणून लिहिते आहे. कादंबरीचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते माहीत आहे. तुम्ही जाऊन आठ वर्षं होतील. मी आता नागापूरलाच, तुमच्या कारखान्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, एका वर्कशॉपच्या इन्स्पेक्शन विभागात काम करते. तयार झालेला नग माझ्या टेबलावर येतो, मी तो मोजते आणि ठेवायचा की परत पाठवायचा ते ठरवते. तुम्ही दिलेला व्हर्निअर ड्रॉवरमध्ये असतो. काम नव्या व्हर्निअरने होतं, पण तोही असतो.

तो व्हर्निअर तुम्ही आठवीच्या निकालाला दिला होता. दुसऱ्या मुलींना पेन किंवा घड्याळ मिळालं, मला कापडात गुंडाळलेलं जुनं मोजमापाचं हत्यार. मी ताबडतोब आत्याच्या लाटण्याची जाडी मोजली आणि वहीत लिहिली. तुम्ही वही मिटलीत. "जबडा मिटून आधी शून्य बघितलंस? का डोळ्यानंच माप घेतलंस?" मी शून्य बघितलं नव्हतं. बघितलं तेव्हा रेघा जुळत नव्हत्या. मला वाटलं, तुम्ही मला खराब वस्तू दिलीत. तुम्ही हसलात. "ह्यात झिरो एरर हाय. पन किती हाय ते आपल्याला ठाऊक हाय, मंग काय भ्या न्हाई. दर टायमाला तेवढं वजा करायचं. जी चूक ठाऊक न्हाई, तिला भ्यायचं." घरात सगळ्यांना ठाऊक होतं की लेथ मशीनवर केसाइतकं कमीजास्त झालं तरी तुम्हाला जेवण गोड लागत नसे. म्हणून पुढे जे झालं ते मला जास्त लागलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले.

तुमच्या आठवड्याच्या सुट्टीचा दिवस मला सगळ्यात स्पष्ट आठवतो. दुपारची जेवणं झाली आहेत. आई भांडी घासून बाहेर पालथी घालते आहे. आत्या भिंतीला टेकून बसली आहे, पुढ्यात परातीत हुलग्याच्या पिठाचा गोळा, लसूण-मिरचीचा वास. ती संध्याकाळसाठी शेंगोळी वळते आहे, तळहातावर एक वेटोळं, ते ताटात, मग दुसरं. तुम्ही खिडकीशी. बोटांच्या पेरांत काळं ऑइल, कितीही भुशाने घासलं तरी न जाणारं. मांडीवर ती जाड कादंबरी, बसस्टँडजवळच्या रद्दीवाल्याकडून आणलेली. तुम्ही मोठ्याने वाचता. तोफांचा धूर, बुरूज, सरदाराचा पांढरा घोडा, किल्लेदाराचं भाषण. मी शेजारी गृहपाठ करते आणि करत नाही.

आत्या तेव्हा आपल्याकडे राहायला येऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. तिचे यजमान फौजेत होते आणि लढाईत गेले, एवढंच मला माहीत होतं. पुणतांब्याला तिच्या सासरी आता कुणी उरलं नव्हतं. घरात त्या विषयावर कुणी बोलत नसे आणि मी विचारत नसे. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तुम्ही वाचता, असं मी धरून चालले होते.

जोड्यांचा प्रसंग तुम्ही पावसाळ्याच्या शेवटी शेवटी वाचलात. पहिला हल्ला फसला आहे. छावणीतून एक कारकून घोड्यावर गावोगाव निघतो. मेलेल्या शिपायांचं सामान घरी पोचवायचं, हे त्याचं काम. गोदावरीकाठच्या एका गावात तो एका प्याद्याच्या घरापुढे उतरतो आणि कागद वाचून एकेक वस्तू ओट्यावर मांडतो. पागोटं, कांबळं, तांब्या, सुरी. बाई रडत नाही. ती सगळं बघून घेते आणि विचारते, "आन् जोडे?" कारकून कागद पुन्हा वाचतो. मग तिसऱ्यांदा वाचतो, जणू मधल्या वेळात कुणीतरी त्यात जोडे लिहिले असतील. मग म्हणतो, "न्हाईत यादीत." बाई म्हणते, "मंग तो चालत कसा गेला?" तुम्ही थांबलात. मी आत्याकडे बघितलं, कारण शेंगोळी ताटात पडल्याचा आवाज बंद झाला होता. तिच्या हातात एक वेटोळं तसंच होतं. थोड्या वेळाने तिने ते ताटात ठेवलं आणि म्हणाली, "वाच पुढं." त्या दिवसाची शेंगोळी जाड-बारीक झाली होती, आतून कच्ची राहिली. आई चिडली. तुम्ही सगळी खाल्लीत.

नववीत शाळेत निबंधस्पर्धा होती. विषय होता, वाचलेल्या पुस्तकातला मनात राहिलेला प्रसंग. मी जोड्यांचा प्रसंग लिहिला. मराठीच्या बाईंनी ती कादंबरी वाचलेली होती. त्यांनी मला वर्गात उभं केलं, शाळेच्या कपाटातली प्रत माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "काढ ते पान." मला काढता आलं नाही. मागून एक मुलगा ओरडला, "बाई, हिचं पुस्तक कंपनीत बनवून आनलंय! लेथवर!" वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. "न वाचता लिहिलंस. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी कारखान्यात तुमची पहिली पाळी होती. तुम्ही घरी आलात, मोरीत हात धूत होतात. आत्या चुलीपुढे होती. मी दप्तरही ठेवलं नव्हतं. "अण्णा, जोड्यांचं पुस्तकात नाहीच. ती बाईच नाही. तुम्ही खोटं वाचता. मी खरं समजून लिहिलं आणि तुमच्यामुळे मला वर्गात उभं राहावं लागलं. मापात खोटं चालत नाही म्हणता ना?" तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, आत्याकडे बघितलंत. तिची पाठ आपल्याकडे होती. ती भाकरी थापत राहिली, एका लयीत. तुम्ही हात पुसलेत, नीट, बोट न् बोट. "बरोबर हाय तुझं," म्हणालात. "माप चुकलं माझं." मग पुस्तक ट्रंकेत गेलं. पुढच्या सुट्टीला तुम्ही वाचायला बसला नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. शेवटची सत्तरेक पानं राहिली होती. मी वाट बघत होते की आत्या तरी विचारेल. तिने विचारलं नाही. माझ्या दहावीच्या वर्षी तुम्ही कारखान्यात, लेथपाशीच, छाती धरून खाली बसलात. सहकाऱ्यांनी टेम्पोतून दवाखान्यात नेलं. त्यानंतर कुणालाच काही विचारता येण्यासारखं राहिलं नाही.

आईने मला सांगितलं ते वर्षश्राद्धाच्या सुमाराला, तांदूळ निवडता निवडता, जणू मला आधीच माहीत असावं तसं. आत्याचे यजमान गेले तेव्हा तुम्ही शाळेत होतात आणि ती माहेरी आलेली होती. तार गावच्या मास्तरांनी वाचली. पण महिनाभराने त्यांची ट्रंक आली, तिच्यासोबत सामानाची यादी होती. मास्तरांनी ती मराठीत उतरवून दिली आणि ती ओसरीवर वाचून दाखवायचं काम तुमच्यावर आलं, घरात वाचता येणारे तुम्ही एकटेच म्हणून. वर्दी, ब्लँकेट, मग, दाढीचं सामान, आरसा, एक फोटो. आत्याने विचारलं, "बूट?" तुम्ही यादी पुन्हा वाचलीत. तिसऱ्यांदा वाचलीत. मग म्हणालात, "न्हाईत, अक्का." आई म्हणाली, "लई वर्सं ह्यांच्या डोक्यात ते बूट हुते. म्हनायचे, तवा काय तरी जोडून सांगायला पायजे हुतं, मी नुसतं वाचलं."

त्यानंतर मी ऐतिहासिक कादंबऱ्या वाचल्या. डिप्लोमाच्या तीन वर्षांत लायब्ररीतल्या जवळजवळ सगळ्या. मला गोष्टीपेक्षा जागा बघायची होती, घरांना किती जागा मिळते ती. बहुतेकांत सारखंच आढळलं. मोहिमेवर निघताना ओवाळणी असते, निरांजनाच्या उजेडात डोळे भरून येतात. सरदार पडला तर त्याच्या पत्नीला एक प्रकरण मिळतं, आणि ते चांगलं लिहिलेलं असतं. मी ते नाकारत नाही. पण पायदळ पडतं ते एका वाक्यात. त्या वाक्याच्या पलीकडे किती चुली आहेत, त्या दुसऱ्या दिवशी कशा पेटल्या, कुणी कुणाचं अंथरूण काढून ठेवलं, ते लिहिणाऱ्याच्या कामात येत नाही. घोड्याच्या आयाळीचा रंगसुद्धा दिलेला असतो, आणि घोड्यामागे पळणाऱ्याच्या पायांत काय होतं ते नसतं. काही थोड्या पुस्तकांत असतं. ती वाचताना मला तुमचा आवाज ऐकू आला, हेही लिहून ठेवते. खरं तर तो लेखकाचा होता.

या उन्हाळ्यात सीमेवर लढाई झाली. टीव्हीवर रोज दिसत होती. आपल्या जिल्ह्यातल्या एका गावात एका जवानाला आणलं, तेही दाखवलं. फुलांनी भरलेली गाडी, गर्दी, घोषणा. आत्या खुर्चीवर बसून बघत होती. तिची नजर गर्दीवर नव्हती. घराच्या दारात एक म्हातारी उभी होती, कॅमेरा तिच्यावरून पटकन सरकला. आत्या म्हणाली, "थांब की रं बाबा, तिला बघू दे." मग टीव्ही बंद करायला सांगितला आणि म्हणाली, "पोरी, त्या किल्ल्याचं काय झालं गं? ते राह्यलंच."

मी ट्रंकेतून पुस्तक काढलं. माझ्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी, ती पुन्हा परात घेऊन भिंतीला टेकली. आता तिचे हात कापतात, शेंगोळी वेडीवाकडी होतात. मी वाचायला लागले तेव्हा समासात पेन्सिलीची खूण दिसली. छोटा उलटा त्रिकोण. ड्रॉइंगवर ज्या बाजूला अजून मशीनिंग बाकी आहे तिथे आपण करतो तो. मागे जाऊन बघितलं. जोड्यांच्या जागेवर तसाच त्रिकोण होता. तुम्ही जिथे जिथे जोडून वाचलं होतंत तिथे तिथे. आणि न वाचलेल्या सत्तर पानांत अजून चार. म्हणजे तुम्ही पुढचं आधी वाचून जागा ठरवून ठेवल्या होत्या. शब्द कुठेच लिहिलेले नाहीत. नुसते त्रिकोण.

पहिले तीन मी ओलांडून गेले. जे छापलं आहे ते वाचलं. चौथा शेवटच्या पानावर आहे. किल्ला पडतो, सरदाराला मानाचा पोशाख मिळतो, आणि "पायदळाची मोठी हानी झाली" या वाक्यापुढे तुमची खूण. मी वाक्य वाचलं, पुस्तक मिटलं. आत्या वाट बघत होती.

"आन् ती बाई? जोड्याची?"

"ती पुस्तकात नाही, आत्या."

"ते मला ठाऊक हाय की. तुझा बाप पुस्तकातलं वाचायचा भाषन ठोकल्यावानी, भडाभडा. बाईचं आलं की हळू व्हायचा. आन् पान उलटायचाच न्हाई. तिचं येवढं मोठं बोलनं एका पानात मावतंय व्हय? खुळा हुता. त्याला वाटायचं मला कळत न्हाई." तिने हातातलं वेटोळं ताटात ठेवलं. "पुस्तकात नसंल. म्हून ती नव्हतीच व्हय?"

मी पुस्तक पुन्हा उघडलं, त्याच पानावर. मला असं काही येत नाही, अण्णा. मी मोजते. तरी पानाकडे बघत म्हणाले की वेढा संपल्यावर एक माणूस गोदावरीकाठच्या त्या गावात आला. त्याने त्या बाईचं घर विचारत विचारत काढलं. पिशवीतून जोडे काढून ओट्यावर ठेवले. वापरलेले होते. उजव्या जोड्याची टाच बाहेरच्या बाजूने झिजली होती.

"डावी," आत्या म्हणाली. "त्याची डावी झिजायची."

मी दुरुस्त केलं. "डाव्या जोड्याची टाच," म्हणून वाक्य पहिल्यापासून पुन्हा वाचलं. ती मान हलवत ऐकत होती. मग पीठ संपलं, ती परात घेऊन उठली.

हे पत्र मी कादंबरीच्या शेवटच्या पानात ठेवणार आहे. त्याआधी एक गोष्ट राहिली, ती तुम्हाला कधी सांगितली नाही. स्पर्धेच्या आदल्या रविवारी, तुम्ही पाळीला गेला होतात तेव्हा, प्रसंग नीट उतरवून घ्यावा म्हणून मी पुस्तक घेऊन बसले होते. दोनदा शोधलं. तो त्रिकोणही बघितला, रद्दीवाल्याची खूण वाटली. जोडे पुस्तकात नाहीत, हे मला वर्गात उभं राहण्याच्या आधी माहीत होतं. सगळ्यात चांगलं तेच होतं, म्हणून मी तेच लिहिलं.