तारा जागचा हलला नाही

तीर्थस्वरूप आत्या,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा वाकता आलं तेवढाच). गुडघा कसा आहे? काका गाणं शिकताहेत असं कळलं. तुझे कान कसे आहेत तेही कळव.

माझ्या पीएच.डी.चं विचारलंस म्हणून परवाची हकिकत सांगते. ताऱ्याचं वातावरण थरावर थर रचून कॉम्प्युटरवर उभं करायचं, हे माझं काम. त्यातले काही अणू इलेक्ट्रॉन गमावून बसलेले, काहींनी ते घट्ट धरलेले. गमावलेले चुंबकाच्या तालावर नाचतात. धरलेले चुंबकाला जुमानत नाहीत, पण गर्दीत धक्के खात फरफटतात. या सगळ्यांचं वजन खालच्या दाबाने पेलायचं आणि कुणी हलायचं नाही! माझा तारा एकतर फसकन बसायचा, नाहीतर उधळायचा. उनाड मुलाची सोडतात तशी सरांनी त्याची चौकशीच सोडली होती.

परवा कॉलेजात परीक्षक बाई आल्या. भिंतीवरच्या पडद्यावर तारा दाखवला आणि काय सांगू, जागचा हलला नाही! सरांनी चक्क "आमची विद्यार्थिनी" अशी माझी ओळख करून दिली (एरवी नुसतं "ही"). मला चेव चढला. समतोलाला संयम लागतो वगैरे मीच बाईंना ऐकवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "छान. पण पडद्यावरचं घड्याळही समतोलात आहे का?"

कॉम्प्युटर अडकला होता गं! पुन्हा चालू केला, तर ताऱ्याने वरचे सगळे थर भिरकावून दिले. सर खिडकीबाहेर बघू लागले. मला रडू फुटणार, तेवढ्यात बाईंनी खुर्ची ओढली. "गुरुत्वाकर्षण कुठे लिहिलंयस, दाखव." दाखवलं. वजन फक्त इलेक्ट्रॉन गमावलेल्यांना दिलं होतं! "अगं, जे कुणाच्या अध्यात ना मध्यात, त्यांचाही भार असतोच की," म्हणाल्या. दोघींनी मिळून दुरुस्त केलं. तारा जरा डुचमळला आणि स्थिरावला. (घड्याळ चालू होतं. सरांनीही उठून पाहिलं.) तो असाच टिकतो हे दाखवलं की पदवी पक्की.

तुझी लाडकी भाची

ता. क. : त्यासाठी माझा घरचा कॉम्प्युटर महिनाभर अखंड चालायला हवा. पण केर काढताना आई "उगाच काय घुरघुरतोय" म्हणून तो बंद करते. तिला तेवढे दिवस तुझ्याकडे बोलावून घे ना! माझं नाव सांगू नकोस.

ता. क. २ : पाकीट चिकटवण्याआधी आईने पत्र वाचलं. ती आनंदाने येतेय. "पोरीचा एवढा जीव आहे त्यात, मागे कशाला ठेवायचा?" म्हणून कॉम्प्युटर बंद करून, चादरीत गुंडाळून सोबत आणतेय.