बटण कुणी दाबलं

सर, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तरी आज इंग्रजीचं एक वाक्य अडलं आणि तुमच्याशिवाय विचारावं असं कुणी आठवेना. कॅलेंडरच्या जुन्या पानामागं लिहितेय.

होटगीच्या शाळेत तुम्ही ॲक्टिव्ह-पॅसिव्ह शिकवत होता. माझ्या वहीत घागर फोडली गेली, एवढंच इंग्रजी वाक्य. तुम्ही खडू खाली ठेवून विचारता, "कुणी फोडली? पुढं बाय लावायला लाजतीस व्हय?" मी म्हणते, "म्हशीनं, सर." अख्खा वर्ग हसतो. "मग म्हशीला भितीस का? लिही की." करणारा ठाऊक नसेल तर सोडावा, ठाऊक असेल तर लपवू नये, असं तुमचं म्हणणं. तेवढ्या इंग्रजीवर मी मॅट्रिक झाले.

खंडेनवमीला, हे कामाला जातात त्या टॉवेलच्या कारखान्यात, माग बंद ठेवून पूजा करतात. त्या दिवशी माग चालत नाही, हे सगळ्यांच्या मनात इतकं पक्कं, की ह्यांनी मेन स्विच न काढताच चाकात हात घालून पुसायला घेतलं. झेंडूचा हार मीच करून दिला होता. मालकांच्या भाच्याला व्हिडिओत माग चालता दाखवायचा होता. त्यानं बटण दाबलं. ह्यांची तीन बोटं गेली.

काल मॅनेजर अपघाताचा इंग्रजी कागद घेऊन घरी आले. मी ओळीवर बोट ठेवून वाचलं: मशीन वॉज स्टार्टेड. पुढं काहीच नाही. दूधवाल्याला पैसे कुणी दिले तेही हिशेबात नावानिशी लिहिणारी मी. म्हटलं, "साहेब, हितं कुणी ते राहिलं की." ते हसले. "वहिनी, ऑफिसचं इंग्रजी असंच असतंय." ह्यांनी कॉटवरून आवाज दिला, "कर सही. नाव घातलंस तर पोरीला ऑफिसात नोकरीला घेतील का?" पोरगी चहा घेऊन उभी, माझ्याकडं बघेना. ह्यांनी डावा अंगठा उठवला. खाली साक्षीला मी सही केली.

आज सकाळी सिद्धेश्वराच्या देवळात गेले. निदान तिथं तरी नीट सांगावं म्हणून हात जोडले, तर तोंडातून आलं, "देवा, बोटं गेली." गेली, एवढंच. त्यापुढं जीभ उचलेना, आणि आता कधी उचलेल असं वाटत नाही.

हे पान कुठं पोस्टात टाकायचं नाहीच. आणि खरं सांगते सर, टाकायचं असतं, तर वर भाच्याची ओळ मी लिहिली नसती.