कालचं हसू

बदलापूर, गुरुवार, सन १९५४. दिवेलागण होऊन गेली.

घरात चैन पडेना, म्हणून लिहायला बसले. काल तंबूत सिनेमा पाहिला. त्यात बाया अंधारात शेतावर परसाकडला बसतात आणि कंदील लावलेली बैलगाडी आली की पदर ओढून झटकन उभ्या राहतात. सगळे पुरुष हसले. आमचे हेही हसले.

आज हे जेवत होते. माझी सून शेवंता, सातवा महिना, वाढता वाढता सरळ म्हणाली, "मामंजी, काल तुम्ही हसलात. आम्ही रोज अशाच उठतो. घरामागं संडास बांधा."

मी ओरडले, "तोंड आवर गं भवाने!"

हे भरल्या पानावरून उठले. मला वाटलं, झालं, आता हिला माहेरी धाडतात. असल्या दिवसांत! पण पोरगी खोटं काय बोलली? मी का नाही बोलले इतकी वर्षं?

ह्यांनी कंदील उचलला. "कुठं जाता तुम्ही?"

"ओढ्यापलीकडं, करवंदीच्या जाळीमागं."

आम्ही बायका रोज जातो ती जागा एकटेच बघायला गेले. अजून आले नाहीत. परवा तिथं घोणस निघाली होती. आम्हा सगळ्या बायकांना ठाऊक आहे. ह्यांना कुणी सांगितलंच नाही.