डेथमॅचला शिस्त लावण्याबाबत

२ जानेवारी १९९९, शनिवार. संध्याकाळी ६.४०

नवीन वर्षाचा संकल्प एक दिवस उशिरा का होईना, सापडला.

सावेडीतल्या घराची पुढची खोली भाच्याला, चेतनला, कॉम्प्युटर क्लाससाठी दिली आहे. सहा कॉम्प्युटर, वायरने एकमेकांना जोडलेले. मला वाटायचं तिथे टायपिंग शिकवतात. आज आत डोकावलो तर सहा जण स्क्रीनवर लष्करी वेशात एकमेकांना गोळ्या घालत होते. पंधरा मिनिटं उभं राहून पाहिलं. फॉर्मेशन नाही, कव्हर नाही, आडोसा सोडून सगळे मोकळ्या मैदानात धावताहेत. चेतनला विचारलं, यांचा ऑफिसर कोण. तो म्हणाला, "मामा, ही डेथमॅच आहे. यात कुणी कुणाचं नसतं."

चोवीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाच्या घरात हे चालणार नाही. आठ दिवसांत शिस्त लावतो.

४ जानेवारी, सोमवार

आजपासून मीही खेळात. नाव टाकलं HAVALDAR. बाकीच्यांची नावं बघून कीव आली. एक BOMBIL, एक GHORPAD.

माऊस हलवला की माझा जवान आभाळाकडे बघतो. वीस मिनिटांत एकतीस वेळा मेलो. त्यातले एकोणीस एकट्या घोरपडीच्या हातून. मी मारले शून्य. याला अपयश म्हणता येणार नाही. मी रेकी, म्हणजे टेहळणी, करत होतो, आणि रेकीवरचा माणूस गोळी झाडत नाही.

कलाबाई (लग्नाला बावीस वर्षं, अजून फौज कळलेली नाही) म्हणाली, "तुमचाच वराडन्याचा आवाज लई येत हुता." ते ओरडणं नव्हतं. सूचना होत्या.

७ जानेवारी, गुरुवार. दुपारी

चेतनकडून मोड, म्हणजे खेळाचे प्रकार, समजून घेतले. त्याला सांगायला दहा मिनिटं लागली, मला समजायला पाच. मधली पाच मिनिटं तो उगाच बोलत होता.

डेथमॅच म्हणजे प्रत्येक जण प्रत्येकाचा वैरी. हे युद्ध नाही, जत्रेतली मारामारी आहे. टीम डेथमॅचमध्ये लाल आणि निळे असे दोन गट, हे जरा बरं. एक मोड टेकडीचा. टेकडीवर जो जास्त वेळ टिकेल तो जिंकला. सगळ्यात सभ्य मोड झेंड्याचा. शत्रूचा झेंडा उचलून आपल्या तळावर आणायचा, आपला जाऊ द्यायचा नाही. या मोडमध्ये माझ्यासारख्या माणसाला वाव आहे.

संध्याकाळी टीम डेथमॅच खेळलो. पहिला बळी घेतला. तो चेतन निघाला. "मामा, आपण दोघंही निळे," असं त्याने तीनदा सांगितलं. मग मागून कशाला येतो? माफी मागितलेली नाही. पण एक उघड झालं, हे सगळं ओळख न पटवता गोळी घालण्यामुळे होतं. उद्यापासून नियम : आधी हटकायचं, मग गोळी.

११ जानेवारी, सोमवार

नियम अमलात आणला. समोर कुणी आलं की HALT WHO GOES THERE असं टाइप करून पाठवायचं. मी एका बोटाने टाइप करतो. आज HAL च्या पुढे एकदाही गेलो नाही. बोंबील मारतो, चेतन मारतो, आणि घोरपड तर H लाच मारते.

तरी लिहून ठेवतो, ही घोरपड खरा शिपाई आहे. दबून बसते, वाट बघते, एका गोळीत काम. असा एक माणूस माझ्या हाताखाली असता तर. बहुतेक चेतनच दोन नावांनी खेळत असावा.

१४ जानेवारी, गुरुवार. संक्रांत

कोपरगावच्या सुनीलचा फोन. तोही तिकडे कॉम्प्युटर क्लास चालवतो. आधी मला जय भीम घातला, मग चेतनला आव्हान दिलं. २६ जानेवारी, आमच्या खोलीत, झेंड्याचा मोड, तीन विरुद्ध तीन. तीन झेंडे आधी आणेल तो जिंकला.

कप्तान मी. हे मीच जाहीर केलं. चेतन काही बोलला नाही, म्हणजे मान्य आहे. खोली माझी आहे हा मुद्दा काढायची वेळच आली नाही, तरी मी काढला.

१७ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ७

खेळ संपल्यावर घोरपडीशी हात मिळवायला उठलो. कोपऱ्यातल्या मशीनवर सायली बसली होती. माझी मुलगी, एस. वाय. बीएस्सी. मी म्हटलं, तू इथे नोट्स काढतेस ना? ती म्हणाली, "त्या काढून झाल्या की घोरपड."

रक्तात असतं ते जात नाही, असं मी सगळ्यांसमोर म्हणालो. बोंबील (खरं नाव सहादेव, तब्येत बोंबलासारखीच) लगेच म्हणाला, मग टीममध्ये सायलीताई, चेतन आणि मी. मी त्याला तिथेच थांबवलं. आघाडीवर मुलगी नको. सायली राखीव.

"पप्पा, तुम्हाला मी रोज मारते."

तो मुद्दा नाही, मी म्हणालो.

"मग मुद्दा काय आहे?"

मी म्हणालो, मी आघाडी पाहिलेली आहे, मला शिकवू नकोस. तेवढ्यात आतून कलाबाईचा आवाज आला, "कंची आघाडी?"

मी गॅस सिलिंडरचा विषय काढला.

२० जानेवारी, बुधवार

सकाळी साडेसहाला अंगणात टीमची हजेरी ठेवली होती. चेतन आला नाही. सहादेव आला, तोंडात ब्रश घेऊन. त्याला एकट्यालाच सावधान-विश्राम करायला लावलं. पेस्ट गिळली त्याने. सोसायची सवय हवीच.

व्यूहरचना ठरली. ते दोघं हल्ला करणार, झेंड्यावर पहारा मी एकटा. चेतन म्हणाला, "मामा, तुम्ही फक्त झेंड्यापाशी उभे राहा. कुठे जाऊ नका. कशाला हात लावू नका." एवढा विश्वास त्याने आजवर कुणावर टाकला नसेल.

सायली माझ्याशी तीन दिवस बोललेली नाही. शिस्तीची किंमत असते.

२६ जानेवारी, मंगळवार. संध्याकाळी

झाली मॅच. घडलं ते क्रमाने लिहितो, म्हणजे पुढे कुणी विपर्यास करणार नाही.

कोपरगावहून एसटीने दोघंच उतरले. तिसऱ्याला ताप. सुनील मला म्हणाला, "काका, तुमच्या सायलीताईंना आमच्याकडून घेऊ का? नाहीतर मॅच होत नाही." पाहुणा माणूस. मोठ्या मनाने परवानगी दिली. सायली समोरच्या रांगेत जाऊन बसली. आमच्या मॉनिटरांच्या पाठी एकमेकांना लागलेल्या. मला तिचा फक्त भांग दिसत होता.

चेतन आणि सहादेवने दोन झेंडे आणले. त्यांनीही दोन नेले. ते दोन्ही मी उभा असतानाच गेले, पण HAL मध्ये गेले, त्याला इलाज नाही.

दोन-दोन. चेतन आणि सहादेव एकाच बाँबने मेले. परत यायला त्यांना वेळ लागणार. चेतन ओरडला, "मामा, तुम्ही एकटेच आहात. दिसेल त्याला घाला गोळी."

समोरून घोरपड आली.

मी टाइप करायला लागलो. H. A. L. T. गोळी आली नाही. पुढे गेलो. W सापडायला वेळ लागला. गोळी आली नाही. घोरपड बंदूक खाली करून माझ्यासमोर उभी. खोलीत सगळे काहीतरी ओरडत होते, मी लक्ष दिलं नाही. HALT WHO GOES THERE. संपूर्ण. एकही चूक नाही. एंटर दाबलं.

उत्तर आलं : SAYALI.

ओळख पटल्यावर पुढचं वाक्य ठरलेलं आहे. मी तेही टाइप केलं. PASS FRIEND.

ती गेली. झेंडा घेऊन.

तीन-दोन. कोपरगाव विजयी. सहादेवने कपाळ कीबोर्डवर टेकवलं. चेतन बराच वेळ खालच्या आवाजात म्हणत होता, "मामा, ती लाल होती. ती लाल होती." मी त्याला समजावलं. ओळख पटलेल्या माणसावर गोळी झाडणं हा गुन्हा आहे. माझ्या बाजूने कसूर झालेली नाही.

२७ जानेवारी, बुधवार

आज सायली आपणहून माझ्या खोलीत आली. विचारलं, "मी समोरच उभी होते. गोळी का नाही घातली?"

नियम सांगितला. तिने तो ऐकून घेतला आणि तिथेच बसून राहिली. मग मी खरं ते सांगितलं. भरती झाल्यावर तीन हिवाळे डेपोच्या गेटवर पहारा केला. ते वाक्य पहिल्याच दिवशी पाठ केलेलं. तीन हिवाळ्यांत कुणी आलं नाही. एकदा कुत्रं आलं, त्याला काय विचारणार. पुढची एकवीस वर्षं स्टोअरमध्ये ब्लँकेट आणि बूट. कुणावर गोळी कधी झाडली नाही. आघाडी पाहिली ती नकाशात.

ती म्हणाली, "माहितीय, पप्पा. मी पाचवीत असताना तुमचं पत्र आलं होतं. दोन पानं नुसतं बुटांच्या नंबरांबद्दल. तरी वर्गात मी सांगायचे की पप्पा बॉर्डरवर आहेत."

का, म्हणून विचारलं.

"तुम्ही रजेवर आलात की तसं चालायचात."

बुटांशिवाय आघाडी एक पाऊल चालत नाही, एवढं तिला ऐकवलं.

मग मी विचारलं, तू का थांबलीस. म्हणाली, "रोज HAL, HAL बघून कंटाळा आला होता. म्हटलं, एकदा होऊ दे पूर्ण."

३१ जानेवारी, रविवार. दुपारी ४

चेतनने दारावर यादी लावली. पुढच्या महिन्यात कोपरगावला परतीची मॅच. कप्तान सायली. मग चेतन, सहादेव. माझं नाव खाली, वेगळ्या शाईत : तळ व्यवस्थापक. म्हणजे पंखा, चहा आणि लाईट गेली तर मेणबत्ती. जबाबदारी मोठी असल्यामुळे स्वीकारली. तरी राखीव खेळाडू म्हणून माझा विचार व्हावा असं सायलीला लेखी कळवलं. ती म्हणाली, आधी चालायला शिका. माझ्यासाठी तिने एक मशीन लावून दिलं. नकाशा पूर्ण रिकामा. शत्रू नाही, मित्र नाही, कुणाच्या हातात बंदूक नाही. तळापासून पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच.

निघालो. जाताना छान गेलो. पुलावर उभं राहून आजूबाजूची पाहणीही केली.

अर्ध्या तासाने ती चहा घेऊन आली. स्क्रीनवर माझा जवान पुलाखाली आडवा पडलेला होता. तिने विचारलं, कुणी मारलं?

चौकशी चालू आहे, असं सांगितलं.